अनुशेषाचा हिशेब मागणे म्हणजे प्रांतवाद नव्हे: विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

मी वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात राहतो. ३१ वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि आता वडिलोपार्जित सात एकर वावर पाहतो. सोयाबीन, तूर आणि धुऱ्याकडच्या पट्ट्यात थोडी पऱ्हाटी, एवढी माझी कास्तकारी. मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही आणि याआधी वर्तमानपत्रालाही कधी पत्र लिहिलेले नाही. आज लिहितो आहे, कारण दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या आणि त्यांच्यावर गप्प बसणे मला जमले नाही.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या एका बैठकीत मी उभा राहून विचारले की, आमच्या शिवारातून खोदलेल्या पाटचारीत पाणी कधी येणार आणि आमच्या जिल्ह्याचा सिंचनाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा राहिलेली तूट, आज नेमका किती उरला आहे. व्यासपीठावरील एका लोकप्रतिनिधींनी पहिल्या प्रश्नाला 'काम प्रस्तावित आहे' असे उत्तर दिले आणि दुसऱ्या प्रश्नावर ते म्हणाले, "सर, तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाने असा प्रांतवाद करू नये." लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खाली बसलो. ज्या शब्दाचा अर्थ मी इतकी वर्षे फळ्यावर लिहून मुलांना समजावला, तो शब्द गावकऱ्यांसमोर माझ्यावरच आरोप म्हणून यावा, याचे मला फार वाईट वाटले.

दुसरी गोष्ट एका कागदाची आहे. आमच्या तालुक्याचा सिंचन, रस्ते आणि कृषिपंप यांचा अनुशेष मी माहितीच्या अधिकारात विचारला होता. दोन महिन्यांनी एका शासकीय कार्यालयाकडून दीड ओळीचे उत्तर आले: विकास मंडळाची मुदत संपुष्टात आल्याने मागितलेली माहिती उपलब्ध नाही. (विकास मंडळ म्हणजे आमच्या भागाच्या विकासाचा हिशेब पाहण्यासाठी राज्यघटनेनुसार नेमलेले मंडळ.) खाली निळ्या शाईचा शिक्का आणि वाचता न येणारी सही. तो कागद मी सातबाऱ्याच्या फायलीत लावून ठेवला आहे. त्याच फायलीत २००४ साली आलेली भूसंपादनाची नोटीसही आहे आणि हे दोन कागद एकमेकांशेजारीच असायला हवेत, असे मला वाटते.

सदस्यहो, आधी शब्दाविषयी बोलू द्या. एखाद्या मुलखातल्या लोकांना भाषा, इतिहास, जमीन-पाणी आणि पोटापाण्याचे धंदे यांमुळे आपण एक आहोत असे वाटणे आणि त्या एकपणाच्या बळावर त्यांनी सत्तेकडे काही मागणे, याला राजकारणात प्रादेशिकवाद आणि बोलण्यात प्रांतवाद म्हणतात. तो बरा की वाईट, हे त्यातल्या मागणीवरून ठरते. कोणी बाहेरून आलेल्या माणसाला हुसकावून लावा म्हणतो, कोणी देशातून फुटून निघायचे म्हणतो, कोणी देशात राहून वेगळे राज्य मागतो, आणि कोणी एवढेच म्हणतो की, आम्हाला द्यायचे ठरले होते ते द्या. या चौघांना एकाच शब्दात कोंबले की शेवटच्या माणसाचे म्हणणे ऐकून न घेता त्याला पहिल्या दोघांच्या रांगेत उभे करता येते. त्या बैठकीत माझ्या बाबतीत हेच झाले, आणि हिवाळी अधिवेशनात विदर्भाचा प्रश्न कोणी उपस्थित केला की बरेचदा हेच होताना आम्ही पाहतो.

ही भावना कुठून येते, याचा शोध घ्यायला आमचा मुलूख पुरेसा आहे. १८५३ मध्ये निजामाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्याच वर्षी, औरस वारस नाही या सबबीवर, भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदेचा प्रदेश जोडून मध्य प्रांत तयार करण्यात आला. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. म्हणजे माझ्या आजोबांच्या काळी वऱ्हाड नावाने निजामाचा, कारभाराने इंग्रजांचा आणि बोलीने मराठी होता. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे सारा मधल्या मालगुजारामार्फत जायचा, तर आमच्याकडे रयतवारी, म्हणजे तो थेट शेतकऱ्याकडून घेतला जायचा. यातली एकही सरहद्द इथल्या माणसाला विचारून आखलेली नव्हती. महसूल, फौज आणि कापूस यांच्या सोयीने त्या आखल्या गेल्या. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे मी लहानपणापासून पाहत आलो. ती आमच्या प्रवासासाठी टाकलेली नव्हती, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी टाकलेली होती. आज ती बंद आहे आणि रुळांवर गवत वाढले आहे. एखाद्या मुलखाकडे केवळ माल पुरवणारी जागा म्हणून पाहिले गेले की तिथल्या माणसाला ते पिढ्यान्पिढ्या आठवते, आणि प्रादेशिक भावनेचे एक मूळ तिथे असते.

दुसरे मूळ भाषेत आहे आणि त्याचाही संबंध नागपूरशी येतो. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि लोकांच्या रेट्यामुळे ती १९११ मध्ये मागे घ्यावी लागली. तेव्हापासून राष्ट्रीय चळवळीला हे कळत गेले की, माणसे आपल्या भाषेतून संघटित होतात. म्हणूनच १९२० च्या डिसेंबरात नागपुरात भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने आपल्या प्रांतिक समित्या इंग्रजांच्या प्रांतांप्रमाणे न ठेवता भाषेप्रमाणे करण्याचा निर्णय घेतला. १९३६ मध्ये ओडिशा हा भाषेच्या आधारावर वेगळा प्रांत झाला. प्रादेशिक ओळख ही देशाच्या एकतेची वैरीण आहे, असे त्या पिढीला वाटले नव्हते, उलट तिच्याच आधारावर त्यांनी स्वातंत्र्याची चळवळ खेड्यापर्यंत पोहोचवली. हे मी वर्गात शिकवायचो तेव्हा नागपूरचे नाव आले की मुले सावरून बसायची.

स्वातंत्र्यानंतर मात्र फाळणीची जखम ओली होती. १९४८ मध्ये धर आयोगाने केवळ भाषेवर राज्ये करू नयेत असे सांगितले. पाठोपाठ जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही थांबण्याचा सल्ला दिला. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला होता, पण लोक थांबायला तयार नव्हते. पोट्टी श्रीरामुलू यांनी वेगळ्या आंध्रासाठी प्राणांतिक उपोषण केले, डिसेंबर १९५२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य करावेच लागले. त्यानंतर फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग आला. त्याने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी देशाचा नकाशा बदलला.

त्यानंतरच्या इतिहासातून मी एक गोष्ट शिकलो आहे. द्रविड मुन्नेत्र कळघम १९४९ मध्ये स्थापन झाला तेव्हा वेगळ्या द्रविडनाडूची भाषा बोलत होता. १९६३ पर्यंत त्याने ती मागणी सोडली, १९६७ मध्ये निवडणुकीने सत्ता मिळवली आणि १९६९ मध्ये मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले. मिझोरममध्ये १९६६ पासून बंदूक चालत होती. १९८६ मध्ये करार झाला, १९८७ मध्ये राज्य मिळाले आणि तो प्रदेश शांत झाला. आसाममध्ये १९७९ पासून सहा वर्षे चाललेले आंदोलन १५ ऑगस्ट १९८५ च्या कराराने थांबले, पण त्या कराराच्या अंमलबजावणीवरून तिथली कुरबूर अजून पूर्ण संपलेली नाही. जिथे शब्द दिला आणि पाळला, तिथे प्रादेशिक भावना देशाच्या कामी आली. जिथे तो अर्धवट राहिला, तिथे दुखणेही राहिले.

आता आमच्या शब्दाकडे येतो. पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भातील नेत्यांमध्ये ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात पहिला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी दुसरा झाला, तो नागपूर करार. त्यात ११ कलमे होती. विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, शासकीय नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, व्यावसायिक शिक्षणात योग्य जागा, नागपुरात उच्च न्यायालयाचे पीठ, आणि शासनाने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम करून विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे भरवणे, या त्यातल्या मुख्य गोष्टी. दोन वर्षांनी राज्य पुनर्रचना आयोगाने आमच्या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे अशी शिफारस केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५५ मध्ये मराठी मुलखाची एकापेक्षा जास्त राज्ये करावीत असे मांडले होते. तरीही आम्ही एकत्र आलो. नागपूरची राजधानी गेली, वेगळे उच्च न्यायालय गेले, आणि त्यांच्या बदल्यात त्या ११ कलमांचा भरवसा आला. लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखी माणसे शेवटपर्यंत वेगळ्या विदर्भाची राहिली, पण बहुसंख्य वऱ्हाडी माणसाने मराठी राज्याचा आनंद मनापासून मानला. माझे वडील १ मे १९६० ची आठवण सांगताना दरवेळी भावुक व्हायचे.

हा भरवसा पुढाऱ्यांच्या तोंडापुरता राहिला नव्हता. राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे, विकासखर्चाचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि शासकीय नोकऱ्यांची पुरेशी संधी यांबाबत राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकण्याची तरतूद आहे. मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जावा, हेही त्याच कलमात लिहिले आहे. प्रत्यक्ष मंडळे १९९४ मध्ये आली. मग ज्या देशाच्या घटनेतच विदर्भाचे नाव घालून समन्यायी वाटप लिहिलेले आहे, त्या देशात त्या वाटपाचा हिशेब मागणारा नागरिक प्रांतवादी कसा ठरतो, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

माझ्या तक्रारी आता क्रमाने मांडतो.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही की, हिशेब ठेवणारी व्यवस्थाच बंद झाली आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजायची साधी रीत घालून दिली: राज्याची सरासरी काढायची, तिच्या खाली असलेल्या जिल्ह्यांची तूट मोजायची आणि ती भरून काढायला किती पैसा लागेल ते लिहायचे. तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर मोजले तर तोच आकडा १४,००० कोटींवर गेलेला होता आणि त्यातली निम्म्याहून अधिक तूट सिंचनाची होती. २००१ पासून राज्यपाल निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले, तेव्हा निदान दरवर्षी एक आकडा समोर यायचा, त्याच्यावर भांडता यायचे. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. त्या वर्षी महासाथ होती, हे मी मान्य करतो. पण साथ गेली, सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापन करण्याचा निर्णयही घेतला, आणि तरीही मंडळ उभे राहिलेले नाही. किराणा दुकानदारसुद्धा उधारीची वही फाटली तर नवी आणतो. आमची वही मिटून ठेवली गेली आणि उधारी किती, असे विचारणारा भांडखोर ठरला.

दुसरी तक्रार पाण्याची. माझ्या वावराच्या उत्तरेकडच्या अंगाला एका प्रकल्पाची पाटचारी गेली आहे. तिच्यासाठी माझी ३४ आर जमीन गेली, तीही काळी, भारी जमीन. मोबदला मिळाला, त्याविषयी माझी तक्रार नाही. खोदकाम झाले, काही अंतरापर्यंत सिमेंटचे अस्तर लागले, आणि वरच्या बाजूला नाल्यावरचे बांधकाम राहून गेल्यामुळे त्या पाटचारीत आजपर्यंत प्रकल्पाचे पाणी आलेले नाही. अस्तराला भेगा पडून त्यांतून बाभळी उगवल्या आहेत. त्यातली एक आता इतकी मोठी झाली आहे की, डवरणीच्या दिवसांत आम्ही तिच्या सावलीत भाकर खातो. जोराचा पाऊस झाला की वरच्या शिवाराचे पाणी त्या पाटचारीत साचते, फुटलेल्या जागेतून माझ्या तुरीत शिरते आणि धुऱ्याकडची माती खरडून नेते. ओलितासाठी दिलेल्या जमिनीमुळे माझ्या कोरडवाहू पिकाचे नुकसान होते, हे मी दर पावसाळ्यात डोळ्यांनी पाहतो. आमचा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेला तापीच्या खोऱ्यात जाते, पैनगंगेचे गोदावरीच्या. इथे पाणी अडवणे कठीण आहे, हे मला कळते. म्हणूनच तर अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष इतरांचा भरून निघाल्यानंतरही शिल्लक राहिला. कठीण कामाला जास्त पैसा आणि जास्त लक्ष लागते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पूर्वेकडची स्थिती निराळी नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, २०१६ मध्ये त्याचा सुधारित खर्च १८,००० कोटींच्या वर गेला, म्हणजे जवळजवळ पन्नासपट, आणि कालव्यांची कामे अजून चालूच आहेत. त्या दिवशी जन्मलेल्या धानउत्पादकाच्या मुलाची मुले आज शाळेत जातात.

तिसरी तक्रार विजेची आहे, ती थोडक्यात सांगतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. कोराडी आणि खापरखेडाही विदर्भातच. कोळसा आमचा, राख आमच्या गावांवर, आणि कृषिपंपाला वीज पाळीपाळीने, ज्यातली एक पाळी रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायला पौषाच्या थंडीत बॅटरी घेऊन साप-विंचवातून जाणारा कास्तकार या राज्याचा नागरिक आहे. दिवसा वीज देण्याच्या योजना सुरू झाल्या आहेत, त्यांचे मी स्वागत करतो. त्या आमच्या फिडरवर कधी पोहोचणार, याची तारीख सांगा.

चौथी तक्रार नोकऱ्यांची. करारात आणि घटनेत दोन्हीकडे नोकऱ्यांचा उल्लेख आहे. माझ्या शाळेतून शिकलेली हुशार मुले पुण्याला अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षे खोल्या भाड्याने घेऊन राहतात, कारण त्यांना तयारीची सोय इथे नाही. त्यांचे आईबाप त्यासाठी तुरीचा चुकारा आल्या दिवशी पैसे पाठवतात. भरतीत कोणत्या जिल्ह्यातून किती जण लागले, हे मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा अशी विगतवारी ठेवली जात नाही, असे उत्तर मिळाले. मोजलेच नाही तर प्रमाण पाळले की मोडले, हे कोण ठरवणार?

पाचवी तक्रार थेट आपल्या सभागृहांविषयी आहे. नागपूर करारातले अधिवेशनाचे कलम पाळले जाते, असे नेहमी सांगितले जाते. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली, साथीमुळे ते समजण्यासारखे होते. पण २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले. त्या कलमाचा हेतू नागपूरला सहल व्हावी हा नव्हता. राजधानी गमावलेल्या मुलखाला वर्षातून काही आठवडे सरकार आपल्या दारी भेटावे, हा होता. आमच्या गावातून नागपूरला जाऊन निवेदन देऊन परत यायला दोन दिवस आणि मजुरी बुडवावी लागते. माणूस तिथे पोहोचेपर्यंत अधिवेशन संपलेले असते.

या तक्रारी मांडताना काही गोष्टी कबूल करणे मला आवश्यक वाटते. विदर्भाने या राज्याला मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस असे मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक तर ११ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते आणि ते आमच्या शेजारच्या पुसदचे. त्यामुळे सगळा दोष पश्चिम महाराष्ट्राच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याने आमचे पाणी चोरले, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी शिकवले नाही आणि शिकवणार नाही. माणदेशातला कास्तकार आमच्याइतकाच तहानलेला आहे. विदर्भाच्या आतही समतोल नाही. रस्ते, संस्था आणि उद्योग नागपूरच्या भोवती गोळा झाले. वाशीम आणि गडचिरोली मात्र २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेले, राज्यातल्या चार जिल्ह्यांपैकी दोन. म्हणूनच मी मुख्यमंत्री कुठल्या गावचा, या प्रश्नात अडकत नाही. माणसे येतात आणि जातात, आणि आपल्या भागाविषयीचा त्यांचा जिव्हाळा त्यांच्याबरोबर जातो. लिहून ठेवलेला हिशेब मात्र पुढच्या माणसालाही बांधून ठेवतो.

हिशेबाची व्यवस्था मोडल्यावर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाप्रमाणेच तेलंगणाचा भागही तूर्त वेगळा ठेवण्याची शिफारस केली होती. तिथेही २० फेब्रुवारी १९५६ रोजी नेत्यांमध्ये करार झाला, त्यातही नोकऱ्या, शिक्षण आणि खर्चाच्या वाट्याची हमी होती, आणि ती पाहण्यासाठी प्रादेशिक समिती होती. हमी पाळली जात नाही म्हणून १९६९ मध्ये मोठे आंदोलन झाले. १९७३ च्या सहा कलमी सूत्रानंतर ती प्रादेशिक समितीही राहिली नाही. तक्रार मात्र राहिली, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे राज्य झाले. भाषा एकच असूनही झाले. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. वेगळे राज्य झाल्याने आमच्या पाटचारीत आपोआप पाणी येईल असे मी मानत नाही, आणि ज्यांना ते हवे आहे त्यांना देशद्रोहीही मानत नाही. हा इतिहास मी वर्गात जसा सांगितला, तसाच आपल्यापुढे ठेवतो आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. विदर्भ आणि मराठवाड्याच्या विकास मंडळांसह तिन्ही मंडळांची पुनर्स्थापना पुढील हिवाळी अधिवेशनापूर्वी व्हावी, आणि त्यासाठी केंद्राकडे जो पाठपुरावा लागतो तो दोन्ही सभागृहांनी एकमताचा ठराव करून करावा. मे २०२० पासून आजपर्यंत विदर्भात कोणत्या क्षेत्रावर किती निधी मंजूर झाला, किती प्रत्यक्ष खर्च झाला आणि किती परत गेला, याची श्वेतपत्रिका तालुकावार काढावी. जिल्ह्याची सरासरी काढली की तालुक्याची तहान त्यात लपून जाते. अर्धवट राहिलेल्या वितरिका आणि पाटचाऱ्यांची यादी प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावी आणि प्रत्येकीपुढे काम पूर्ण होण्याची तारीख लिहावी. शासकीय भरतीची जिल्हावार विगतवारी दरवर्षी सभागृहाच्या पटलावर ठेवावी. नागपूर अधिवेशन किमान तीन आठवड्यांचे असावे आणि त्यातले काही दिवस अनुशेषाच्या चर्चेसाठी राखून ठेवावेत, ज्या दिवशी संबंधित मंत्र्यांनी सभागृहात हजर राहून उत्तरे द्यावीत.

आणि एक विनंती आहे. आपल्यापैकी कोणीही, सभागृहात किंवा गावच्या बैठकीत, ठरलेला वाटा मागणाऱ्या माणसाला प्रांतवादी म्हणू नये. उत्तर ठाऊक नसेल तर माहिती घेऊन कळवतो, असे म्हणावे. आम्ही तेही मान्य करू.

कलम ३७१ (२) प्रमाणे मंडळांचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे यायचा असतो. पुढील हिवाळी अधिवेशनासाठी प्रेक्षक सज्जाच्या पासकरिता मी आमच्या आमदारांकडे अर्ज देणार आहे. भूसंपादनाची नोटीस आणि ते दीड ओळीचे उत्तर, दोन्ही कागद सोबत घेऊन येईन आणि अहवाल पटलावर ठेवला जातो का, हे सज्जात बसून पाहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक आणि कास्तकार
तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम